जिगवर चोणक पकडायला शिकायचे कसे



गेले काही महिने सोसायटीच्या कार्यालयात येणारी तरुण मुले एकच विषय काढतात, तो म्हणजे जिग. मोबाईलवर अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ बघतात, ऑनलाइन काठी आणि रंगीत रबरी माशांचे पाकीट मागवतात, आणि दोन रविवार पुलाखाली जिग हरवून काठी माळ्यावर टाकतात. दुसरीकडे आमचे जुने जाणते म्हणतात, "हे पर्यटकांचे खेळणे रे. गरीला जिवंत सुंगट लाव आणि गप्प बस." दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत. पोस्ट लांब आहे, पण सेव्ह करून ठेवा, उपयोगी पडेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. जिगने मासा मिळतो तो तळ ओळखल्यामुळे. रंग, कंपनी, किंमत हे सगळे नंतरचे. आणि नदीचा तळ कुठे कसा आहे हे आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या माहीत आहे. शिकायचे राहिले आहे ते फक्त हाताला. ते महिना-दोन महिन्यांत शिकता येते.

व्हिडिओतला बास आणि आपला चोणक

व्हिडिओत दिसतो तो लार्जमाउथ बास. तो गोड्या पाण्यातला, तळ्यातला मासा. १९३२ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पकडलेला सुमारे १० किलोचा बास अजूनही जागतिक विक्रम धरला जातो. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या बरोबरीचा एक मिळाला, एवढेच.

आपला चोणक वेगळ्या कुळातला. इंग्रजीत त्यालाही सी बास म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. रायगडकडे तोच जिताडा, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. आपल्याकडे १० किलोचा चोणक मोठा खरा, पण तो काही जगाचा विक्रम नाही. शिवाय तो खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या ओढीत आणि कालवे चढलेल्या दगडांत राहतो. म्हणून तळ्यातल्या बासचे हलके सामान इथे तुटते. मुलांचे जिग हरवतात आणि मासे सुटतात, त्याचे अर्धे कारण हेच.

तरी त्या व्हिडिओंतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दोन्ही मासे पाठलाग करून दमणारे नाहीत. आडोशाला दबा धरून बसतात, भक्ष्य जवळून गेले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात. दोघांनाही वरून खाली पडणारी वस्तू दिसली की राहवत नाही. जिगचे सगळे काम या सवयीवर चालते.

जाळे असताना जिग कशाला?

हा प्रश्न होडीमालक विचारतात आणि तो बरोबर आहे. जिगने जाळ्याची जागा घ्यायची नाही. पण काही जागा अशा आहेत जिथे जाळे टाकताच येत नाही. शिवोली-चोपडे पुलाचे खांब घ्या, जुन्या धक्क्याचे पडके दगड घ्या, नाहीतर खाडीच्या तोंडाचा खडक. तिथे जाळे टाकले की ते अडकते, कालवांनी कापले जाते, आणि नंतर चार दिवस शिवत बसावे लागते. मोठा चोणक नेमका तिथेच राहतो.

दुसरे म्हणजे खर्च. जाळ्याला माणसे लागतात, इंधन लागते. जिगला एक माणूस, छोटी होडी आणि वल्हे पुरते. आमिषासाठी पहाटे सुंगटे शोधत फिरावे लागत नाही. फार तर एक जिग हरवतो.

तिसरे म्हणजे भाव. गळाचा मासा जिवंत हातात येतो, जाळ्याचे व्रण नसतात, खवले शाबूत असतात. बाजारात बसणाऱ्या आमच्या आया-बहिणींना विचारा, तो मासा टोपलीत वेगळा दिसतो की नाही.

जिवंत सुंगटाची गरी चांगलीच आहे. पाणी संथ असेल, एकाच खड्ड्यावर बसायचे असेल तर तिला तोड नाही. जिगचा फायदा असा की तासाभरात दहा जागा तपासून होतात.

जिग म्हणजे नेमके काय

गळाच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो, तो जिग. दोरी बांधायची कडी गोळ्याच्या वरच्या बाजूला असते. त्यामुळे पाण्यात गळाचे टोक वर राहते आणि दगडात कमी अडकते. "कमी" हा शब्द लक्षात ठेवा. अडकतो तर खराच.

साधारण तीन प्रकार आपल्याला दिसतात. पहिला, शिशाचे डोके आणि त्यावर चढवलेला मऊ रबरी मासा, ज्याची शेपटी पाण्यात हलते. नदीतल्या चोणकासाठी हाच घ्या, तीन ते पाच इंच लांबीचा. दुसरा, केस किंवा पिसे बांधलेला जिग. बकरीचे केस, कोंबड्याची पिसे आणि मजबूत धागा असला तर तो घरी बनतो. तिसरा, लांब चपट्या धातूचा जिग. तो बाहेर खोल पाण्यासाठी, नदीत शिकणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

जिगला स्वतःचा जीव नसतो. सुंगट गरीवर आपोआप वळवळते, जिग मात्र तुमचा हात हलला तरच हलतो.

सामान किती आणि कसले

काठी सात फुटांच्या आसपास, मध्यम ते जरा कडक. रीळ ३००० किंवा ४००० नंबरचे. त्यावर विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, २० ते ३० पौंडांची. विणलेली दोरी ताणत नाही, म्हणून तळाचा लहानसा धक्काही हाताला कळतो. साधा तंगूस रबरासारखा ताणतो आणि तो धक्का गिळून टाकतो.

पण विणलेली दोरी दगडावर घासली की लगेच जाते. म्हणून पुढे दीड-दोन हात जाड तंगूस जोडायचा, ४० ते ६० पौंडांचा. याला लीडर म्हणतात. चोणकाच्या तोंडाचा आतला भाग कानशीसारखा खरखरीत असतो आणि कल्ल्याचे झाकण धारदार असते. लीडर नसेल तर मासा लागेल, पण होडीत येणार नाही.

दोन दोऱ्या जोडायला डबल युनी गाठ शिका, सोपी आहे. जिगला मात्र थोडा फास मोकळा ठेवून गाठ मारा, म्हणजे जिग मोकळेपणी डोलतो. आपल्या लोकांना गाठी शिकवायची गरज नाही, एकदा बघितली की जमते. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा.

रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. २० पौंडांच्या दोरीला साधारण तीन किलो. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला लावून ओढून बघा, लगेच कळेल.

काठी-रीळ घ्यायची ऐपत नसेल तरी अडत नाही. होडी खड्ड्याच्या वर उभी करून तंगूस हातात धरायचा आणि जिग सरळ खाली सोडून उचलत-टेकवत राहायचे. बोटांना तर काठीपेक्षा जास्त कळते. फक्त दोरी हाताला गुंडाळून घेऊ नका. मोठा मासा निघाला तर बोट कापेल.

घरी आल्यावर रीळ आणि काठीच्या कड्या गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या पाण्यात न धुतलेले रीळ एका मोसमात संपते.

वजन कसे निवडायचे

इथे सगळ्यांचे चुकते. दुकानदार देईल तो जिग लावायचा आणि टाकायचा, असे चालत नाही. वजन दोन गोष्टींवर ठरते, खोली आणि ओढ.

दोन-तीन मीटर पाणी आणि ओढ कमी, तर ७ ते १० ग्रॅम.
चार-सहा मीटर आणि पाणी चालू, तर १४ ते २१ ग्रॅम.
पुलाखालचा खोल प्रवाह, तर २८ ग्रॅमपर्यंत.

ही सुरुवात झाली. खरी कसोटी अशी: जिग टाकल्यावर तो तळाला टेकलेला तुम्हाला कळला पाहिजे. कळला नाही, दोरी नुसती वाहत गेली, तर वजन वाढवा. टेकतो पण दगडासारखा धपकन पडतो आणि दर वेळी चिखलात रुततो, तर वजन कमी करा. तळ कळेल इतकेच वजन ठेवायचे, त्याहून जास्त नको. कारण जिग जितका सावकाश पडेल तितका चोणकाला पकडायला वेळ मिळतो. ओढ बदलली की त्याच जागी वजनही बदलावे लागते. म्हणून खिशात तीन तरी वजने ठेवा.

हात कसा चालवायचा

जिग टाका, तळाला टेकू द्या. काठीचे टोक कमरेच्या उंचीवरून खांद्यापर्यंत उचला, म्हणजे जिग तळावरून हात-दोन हात वर उठेल. मग टोक खाली आणत त्याला पुन्हा पडू द्या. पडताना दोरी ढिली सोडायची नाही आणि ताणून धरायचीही नाही. पतंगाचा मांजा सोडताना हाताला जेवढा भार लागतो, तेवढा राहू द्या. टेकला की दोन अंक थांबा. उरलेली दोरी रिळावर घ्या. पुन्हा उचला.

चोणक बहुतेक वेळा जिग पडतानाच घेतो. आणि आपण त्याच वेळी बेसावध असतो, कारण मनात असते की उचलताना काहीतरी होणार.

म्हणून मोजायला शिका. जिग वरून सोडल्यावर मनात एक, दोन, तीन, चार म्हणा. समजा चारला टेकतो. पुढच्या वेळी दोनलाच दोरी थांबली, तर तो तळ नाही. कोणीतरी मधेच झेलला. लगेच हिसका द्या. तसेच चारला टेकायला हवा होता, पाच झाले, सहा झाले तरी दोरी जातेच आहे, तर कोणीतरी तो घेऊन चालला आहे. तेव्हाही हिसका. कधी काठीला "टप्" असा एकच ठोका कळतो, दारावर बोटाने वाजवल्यासारखा. कधी तेवढेही नाही, दोरी पाण्यावर दोन बोटे बाजूला सरकते. म्हणून नजर दोरीवर ठेवा, मोबाईलवर नको.

हिसका कोपर मागे नेऊन, एकदाच, जोरात. चोणकाचे तोंड हाडाचे आहे. हलक्या हाताने गळ बसत नाही.

पहिले दोन आठवडे मासा पकडायचा नाही

हे वाचून मुले हसतील, पण करून बघा. पहिले दोन आठवडे रबरी मासा न लावता, गळाचे टोक पक्कडने तोडलेला जिग घेऊन जा आणि फक्त तळ वाचा.

चिखलावर पडलेला जिग कळत नाही, पिठात बोट घातल्यासारखे वाटते, आणि उचलताना जरा चिकटतो. वाळूवर हलका "टप" लागतो आणि ओढला तर गुळगुळीत सरकतो. खडकावर "टक" असा कडक आवाज हातात येतो. कालवांवर ओढला तर खरखर लागते, आणि वर काढला की लीडरवर ओरखडे दिसतात. तिथला लीडर बोटाने चाचपून खराब तुकडा कापून टाकायचा, कितीही कंटाळा आला तरी.

चिखल संपून खडक सुरू होतो ती कड, वाळूचा बांध संपून खोलगट लागते ती उतरण, खांबाच्या मागचा खड्डा. अशा ठिकाणी चोणक असतो. सपाट चिखलात दिवसभर जिग टाकला तरी उपयोग नाही.

घरात आजोबा, काका असतील तर त्यांना होडीत घ्या. कुठे पूर्वी खडक होता, कुठे होडी बुडाली होती, कुठे जुना बांध होता, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या डोक्यातला नकाशा आणि तुमच्या हातातला जिग एकत्र आले की महागड्या मशीनची गरज पडत नाही. हे ज्ञान लिहून ठेवलेले नाही. ही माणसे आहेत तोवरच ते मिळेल, हे विसरू नका.

पाणी, वेळ आणि जागा

शिकायला भांगाचे दिवस बरे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. ओढ कमी असते, हलका जिगही तळाला कळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात धावते आणि गढूळ होते. तेव्हा फक्त पाणी वळायच्या आधीचा आणि नंतरचा तास कामाचा. पाणी रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

मासा ओढीकडे तोंड करून असतो. खाणे प्रवाहाबरोबर त्याच्याकडे येते. म्हणून जिग खांबाच्या वरच्या अंगाला टाकून प्रवाहाबरोबर खांबाजवळून खाली येऊ द्या. उलट्या दिशेने येणारा मासा त्याला नैसर्गिक वाटत नाही. होडी खांबाला बांधू नका, बाजूला नांगर टाका. फेरीबोटीच्या वाटेत तर थांबूच नका.

सुकतीला लहान ओहोळांतून आणि खाजनांतून पाणी नदीत उतरते. त्याबरोबर सुंगटे आणि शेवट्यांची पिल्ले बाहेर येतात. ओहोळाच्या तोंडाशी, जिथे गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसते, तिथे चोणक वाट बघत असतो. पण मानशीजवळ एक गोष्ट पाळा. मानशीतली मासळी पकडण्याचा हक्क पावणीत दिला जातो आणि त्यासाठी कोणीतरी पैसे मोजलेले असतात. त्याला विचारल्याशिवाय तिथे जिग टाकू नये. गावात भांडण नको.

पावसाचा जोर ओसरून पाणी निवळू लागले की दिवस चांगले. पहाट आणि संध्याकाळ बरी, कारण चोणकाला कमी उजेडात चांगले दिसते. रात्री बॅटरी मारली तर त्याचे डोळे लाल चमकतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. रंगाचे म्हणाल तर पाणी स्वच्छ असेल तेव्हा चंदेरी, गढूळ असेल तेव्हा पांढरा, पिवळा किंवा अगदी काळा. एवढे पुरे. कुंभारजुव्याच्या कालव्यात जाणाऱ्यांनी मगरींचे भान ठेवा, हात-पाय पाण्यात सोडून बसू नका.

लागल्यावर

चोणक पहिली धाव खांबाकडे किंवा दगडाकडे घेतो. त्या पहिल्या दोन-चार सेकंदांत त्याला वळवायचे. मग तो उडी मारतो आणि डोके झाडतो. जिगचे वजन त्याच्या मदतीला येते आणि गळ निसटतो. उडी येते आहे असे वाटले की काठी आडवी, पाण्याच्या जवळ न्या आणि दोरी ढिली पडू देऊ नका.

होडीत घेताना जाळीची पिशवी वापरा. कल्ल्यात बोटे घालू नका. ते झाकण ब्लेडसारखे आहे, बोट कापले की आठवडाभर वल्हे धरता येत नाही.

विकायचा असेल तर लगेच मारा, कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फाच्या पाण्यात ठेवा. एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हा हिशेब. होडीत उन्हात दोन तास पडलेला चोणक आणि बर्फातला चोणक यांच्या भावातला फरक घरच्या बायकांना तोंडपाठ आहे. बर्फ न नेता जिगला जाऊ नका.

शिसे ओतणाऱ्यांनी हे वाचा

जाळ्याची शिशे घरी ओतणारी घरे आपल्यात आहेत. ती माणसे जिगही ओतू शकतात, पैसे वाचतात. पण शिसे विष आहे, आणि ते सर्वांत आधी लहान मुलांना बाधते. स्वयंपाकघरात, चुलीवर, जेवणाच्या भांड्यात शिसे कधीही वितळवू नका. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मुले आणि गरोदर बाया लांब असताना करा. साचा आणि शिसे कोरडेठाक हवे. पाण्याचा एक थेंब आत राहिला तर वितळलेले शिसे फटाक्यासारखे उडते आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि बूट घाला. नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. जिग दातांनी चावायची सवय असेल तर ती सोडा.

तुटलेला तंगूस आणि फाटलेले रबरी मासे पाण्यात टाकू नका. होडीत एक पिशवी ठेवा.

मोठ्या चोणकाबद्दल आमची विनंती

आता थोडे कडू बोलतो.

चोणक जन्माने बहुतेक नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढतो, आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे नदीतले जे सर्वांत मोठे चोणक आहेत, ते जवळजवळ सगळे मादी. लहान चोणक कितीही असले तरी मोठे संपले तर अंडी घालायला कोणी उरत नाही. एक मोठी मादी एका मोसमात लाखो अंडी घालते, आणि ती पावसाळ्याच्या आसपास नदीच्या तोंडाशी येते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात याच माशाबद्दल नियम आहे: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. लहान यासाठी की त्याला वाढू द्यावे, मोठा यासाठी की ती मादी.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात काठी घेऊन नदीच्या तोंडाशी उभे राहिले तर मोठा चोणक मिळण्याची शक्यता जास्त, आणि मोह पण तेव्हाच जास्त, कारण घरात पैसा कमी असतो. आठ-दहा किलोचा मासा सोडा, असे हातावर पोट असलेल्या माणसाला सांगणे सोपे नाही, हे आम्हाला कळते. त्या एका माशात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

तरी विनंती अशी. दोन फुटांपेक्षा लहान चोणक परत सोडा. पावसाळ्यात मीटरभर किंवा त्याहून लांब चोणक लागला तर सोडायचा प्रयत्न करा. मधल्या आकाराचे घ्या, खा, विका. जाळ्यात आलेला मासा बहुतेक वेळा मेलेलाच निघतो, तिथे निवड करता येत नाही. जिगवर ती करता येते. म्हणूनच आम्हाला जिग शिकवावासा वाटतो.

सोडायचे ठरले तर हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, जबड्याला धरून उभा लटकवू नका. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा, तो स्वतः शेपटी मारून जाईल तोवर. गळाचा काटा आधीच पक्कडने दाबून ठेवला असेल तर गळ पटकन निघतो.

पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

काही सभासद काठीवाल्या पाहुण्यांना होडीतून नेतात. पाहुणा तुमच्या माहितीचे आणि दिवसाचे पैसे देतो, फोटो काढतो, मासा परत पाण्यात जातो. मोठी मादी सोडूनही घरात पैसा येतो, तो असा. पण मच्छीमारीसाठी नोंद असलेल्या होडीतून पैसे घेऊन माणसे नेण्याआधी बंदर कप्तान खात्यात चौकशी करा, काय कागद लागतात ते विचारा. प्रत्येकाला लाइफजॅकेट द्या, स्वतःही घाला. अपघात झाल्यावर कागद शोधण्यात अर्थ नाही.

वही ठेवा

शेवटी एक सोपे काम. एक छोटी वही करा. तारीख, तिथी, भरती की सुकती, जागा, खोली, जिगचे वजन, काय लागले. काही लागले नाही तर तेही लिहा. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की स्वतःलाच दिसेल, कुठल्या खांबावर कुठल्या पाण्याला मासा येतो. ही जागा कोणाला सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा. त्यात आम्ही पडत नाही!

ज्यांना गाठी, वजन किंवा ड्रॅग हातात घेऊन बघायचा आहे, त्यांनी भांगाच्या दिवसांत संध्याकाळी कार्यालयात यावे. येताना स्वतःची काठी आणावी, नसेल तर तंगूस आणि एक जिग पुरे. आणि शक्य असेल तर घरातल्या एका जुन्या माणसाला बरोबर आणा. त्यांच्याकडून आम्हालाही ऐकायचे आहे.



सचिव, संचालक मंडळाच्या वतीने